विचारा, सांगतो : सोलापूरहून बौद्ध तीर्थस्थळांकडे

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं दिवाळीनंतरच्या यात्रेबद्दल आहेत. एकाच अर्थाच्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : आम्ही घरचे नऊजण आहोत, त्यात आई-वडील सत्तरीचे. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी एकाच दौऱ्यात करायचं आहे. किती दिवस काढावेत? जानेवारीत सुट्टी मिळते, तेव्हा निघावं का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

जानेवारी टाळा. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत बिहार-उत्तर प्रदेशात दाट धुकं पडतं. गाड्या पाच-पाच, दहा-दहा तास उशिरा धावतात आणि पुढची सगळी आरक्षणं कोलमडतात. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी उत्तम. बुद्धपौर्णिमेला तिथे असण्याची हौस अनेकांना असते, पण मे महिन्यातलं गयेचं ऊन सत्तरीच्या माणसांना सोसणार नाही.

दिवस अकरा-बारा धरा. कुर्डुवाडीवरून कोल्हापूर–धनबाद दीक्षाभूमी एक्स्प्रेस थेट गयेला जाते. ती आठवड्यातून एकदाच आहे, म्हणून आधी तिचा वार बघा आणि मग रजा टाका. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि नऊ जागा एकत्र हव्या असतील तर पहिल्याच दिवशी काढावं लागतं. ती नाही जमली, तर सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने मनमाड आणि तिथून हावडा मेल. इथे एक गफलत नेहमी होते. मुंबईहून हावड्याला दोन मेल सुटतात. नागपूरमार्गे जाणारी गयेला जातच नाही. तुम्हाला प्रयागराजमार्गे जाणारी 12322 हवी. दोन वेगळी तिकिटं असतील, तर मध्ये पाच-सहा तास मोकळे ठेवा. पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे दुसरी चुकली, तर त्या तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

गया स्टेशनपासून बोधगया पंधरा किलोमीटरच्या आत आहे. तिथे तीन रात्री राहा. त्यातला एक दिवस राजगीर-नालंद्यासाठी. राजगीर साधारण 75 कि.मी. आणि नालंदा तिथून पुढे दहा-बारा कि.मी. आई-वडिलांनी राजगीरच्या गृध्रकूट टेकडीची चढण चढू नये. शेजारच्या रत्नागिरी टेकडीवर, विश्वशांती स्तूपापर्यंत रोपवे आहे. तो देखभालीसाठी अधूनमधून बंद असतो, तेव्हा निघण्याआधी हॉटेलवाल्याला चौकशी करायला सांगा.

महाबोधी मंदिर पहाटे पाचला उघडतं. तेव्हाच जा. गर्दी नसते आणि फरशीही तापलेली नसते. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी संगमरवरावर पाय भाजतात, म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत जाड मोजे असू द्या. मोबाईल आत नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्यामुळे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हे फाटकाबाहेरच ठरवा. ‘बोधिवृक्षाखाली भेटू’ हे काही कामाचं नाही. तिथे सगळेच असतात.

पुढे गयेहून रेल्वेने वाराणसी. सारनाथ शहरापासून दहा किलोमीटर. चार सिंहांचं स्तंभशीर्ष सारनाथच्या वस्तुसंग्रहालयात आहे आणि ते शुक्रवारी बंद असतं. तो वार मुद्दाम चुकवा, नाहीतर राष्ट्रचिन्हाच्या दारापर्यंत जाऊन परत फिराल. नंतर गोरखपूर गाठा. तिथून कुशीनगर 53 कि.मी. आहे. महापरिनिर्वाण मंदिरातली 6.1 मीटर लांबीची पहुडलेली मूर्ती पाहून लोक लगेच निघतात, आणि अंत्यसंस्काराची जागा असलेला रामाभार स्तूप राहून जातो. तो मंदिरापासून दीड किलोमीटरवर आहे. शेवटी लुंबिनी. परतीला गोरखपूरहून पुणे किंवा मुंबईची गाडी मिळते.

श्रावस्ती, वैशाली आणि संकिसा याच दौऱ्यात कोंबू नका. एजंट ‘आठ स्थळं, आठ दिवस’ अशी पत्रकं वाटतात. त्या आठ दिवसांतला बराचसा वेळ बसमध्येच जातो.

प्रश्न : लुंबिनी नेपाळात आहे. आमच्याकडे पासपोर्ट नाही. आधार कार्डावर जाऊ देतात का? पैशांचं काय करावं?
— एक वाचक, अक्कलकोट

पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र घ्या, आणि मूळ कार्डच घ्या, झेरॉक्स नको. प्रौढांना नुसतं आधार पुरत नाही. पासष्टीच्या वरच्या आणि पंधराच्या आतल्या प्रवाशांना वय आणि ओळख पटेल असं फोटोचं दुसरं सरकारी कार्ड चालतं.

गोरखपूरहून जाताना लागणाऱ्या सोनौलीच्या सीमानाक्यावर भारतीय गाडी पलीकडे न्यायची तर भन्सार, म्हणजे नेपाळी सीमाशुल्क, भरून परवाना काढावा लागतो आणि त्यात वेळ मोडतो. गाडी भारताच्या बाजूलाच उभी करून पायी सीमा ओलांडा आणि पलीकडून भैरहवामार्गे लुंबिनीची जीप किंवा बस धरा. 100 भारतीय रुपये म्हणजे 160 नेपाळी, हा दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा आणि यूपीआयवर विसंबू नका. भारतीय सिमकार्डाला रोमिंग घेतल्याशिवाय रेंज मिळत नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

मायादेवी मंदिरात फोटो काढता येत नाहीत. बाहेरच्या अशोकस्तंभाजवळ मात्र निवांत थांबा. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर अशोक स्वतः इथे आला, ‘हिद बुधे जाते’ म्हणजे ‘इथे बुद्ध जन्मले’, आणि म्हणून लुंबिनी गावाचा एक कर माफ करून धान्याचा वाटा एक अष्टमांशावर आणला, असं त्यावर कोरलं आहे. जन्मस्थानाबद्दल आणखी पुरावा मागायची गरज उरत नाही.

प्रश्न : एवढा लांबचा प्रवास परवडत नाही. सोलापुरातून एका दिवसात जाऊन येण्यासारखं काही आहे का? अजिंठा सोडून सांगा.
— एक वाचक, विजापूर रोड

आहे, आणि आपल्या भीमेच्याच काठावर आहे. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातलं सन्नती आणि त्याला लागून असलेलं कनगनहळ्ळी. महाराष्ट्रातली कित्येक घराणी चंद्रलांबा देवीला कुलदैवत मानतात आणि सन्नतीला दर्शनाला जातात. पण शिलालेख न बघताच परततात.

1986 मध्ये त्या मंदिराच्या आवारातल्या कालीमंदिराचं छप्पर कोसळलं. मूर्तीखालची शिळा उघडी पडली आणि तिच्यावर ब्राह्मी अक्षरं दिसली. तो अशोकाचा लेख निघाला. शिळेच्या दोन्ही अंगांना मजकूर आहे. त्यात, दुसऱ्याच्या पंथाचाही मान राखा असं सांगणारा बारावा आदेशही आहे. मूर्ती बसवण्यासाठी कोणीतरी कधीकाळी शिळेच्या मधोमध चौकोनी खाच पाडली होती. तेवढी अक्षरं गेली ती गेलीच.

कनगनहळ्ळीचा स्तूप 1990 च्या दशकातल्या उत्खननात वर आला. तिथल्याच शिलालेखांत त्याला ‘अधोलोक महाचैत्य’ म्हटलं आहे. घुमट ढासळलेला आहे, पण भोवतीच्या कोरीव शिळा मोठ्या संख्येने सापडल्या. त्यांतल्या एकीवर राजा, शेजारी राणी, मागे छत्र आणि चवरी धरलेल्या दासी, आणि वर ब्राह्मीत ‘राया असोको’ अशी अक्षरं आहेत. नावानिशी कोरलेली अशोकाची प्रतिमा ती हीच. ती सातवाहन काळातली आहे, म्हणजे अशोकानंतर काही पिढ्यांनी घडवलेली, त्यामुळे चेहरा हुबेहूब असेल असं समजू नका. दुसऱ्या शिळांवर सातवाहन राजांचीही नावं आहेत. दगड याच पट्ट्यातला चुनखडक. आपल्या घरातली शहाबादी फरशी ज्या भागातून येते, तोच हा भाग.

सोलापूर ते कलबुर्गी रेल्वेने सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि गाड्या भरपूर आहेत. पहाटेची गाडी धरून कलबुर्गीला उतरा आणि दिवसभरासाठी जीप ठरवा. सन्नती तिथून साधारण 60 कि.मी. भाडं ठरवताना कनगनहळ्ळीचं नाव आधीच सांगा, नाहीतर चालक देवळापाशी सोडून ‘एवढंच ठरलं होतं’ म्हणतो. तिथे धड हॉटेल नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि माणशी दोन लिटर पाणी बांधून न्या. सावलीही फारशी नाही. एप्रिल-मे टाळा. पुरातत्त्व खात्याचं काम चालू असेल तर काही शिळा जवळून बघता येत नाहीत, तेव्हा हुज्जत घालू नका.

उलट दिशेला धाराशिव जिल्ह्यातलं तेर, जुनं तगर. तिथलं त्रिविक्रम मंदिर विटांचं आणि मागून अर्धगोल, म्हणजे गजपृष्ठ आकाराचं आहे. ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक मानतात. मंडपात न रेंगाळता मंदिराच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहा, आकार तिथूनच कळतो. उत्खननात तेरला स्तूपाचे अवशेषही मिळाले. गोरोबाकाकांचं दर्शन आणि गावातलं लामतुरे संग्रहालय धरून अर्धा दिवस पुरतो.

प्रश्न : इतक्या मोठ्या जागा लोक विसरले कसे आणि पुन्हा सापडल्या कशा? वर्गात मुलं विचारतात.
— एक शिक्षक, बार्शी

विहार ओस पडले, राजाश्रय आणि व्यापाऱ्यांचं दान आटलं, आणि उरलेल्या ढिगाऱ्यांकडे लोक विटांची खाण म्हणून बघू लागले. सारनाथला 1794 मध्ये जगतसिंहाच्या माणसांनी बांधकामाच्या विटांसाठी धर्मराजिका स्तूप उकरला. आत अस्थींचा करंडक निघाला आणि अस्थी गंगेत सोडल्या गेल्या. आज त्या स्तूपाचा नुसता पाया दिसतो.

शोध लागला तो वाचनातून. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली. फाहियान आणि ह्युएन त्सांग या चिनी यात्रेकरूंनी कुठल्या नगरापासून कुठल्या दिशेला किती अंतर, हे लिहून ठेवलं होतं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम त्या नोंदी घेऊन गावोगाव फिरले आणि त्यांनी श्रावस्ती, कुशीनगर ही ठिकाणं ओळखली. कुशीनगरची मूर्ती 1876 मध्ये कनिंगहॅम यांचे सहकारी कार्लाइल यांना तुकड्यांत सापडली आणि त्यांनी ती जुळवली. लुंबिनीचा स्तंभलेख 1896 चा शोध. मुलांना नकाशा देऊन ह्युएन त्सांगचा मार्ग आखायला लावा, तास चांगला रंगतो.

प्रश्न : स्तूपावर मेणबत्ती लावली तर रखवालदार ओरडतात. श्रद्धेला एवढी मनाई का?
— एक वाचक, मोहोळ

मेण वितळून विटेत मुरतं, ते पुन्हा निघत नाही. त्यावर काजळी आणि धूळ बसते. सोन्याचा वर्ख चिकटवल्यानेही दगड खराब होतो. मेणबत्ती-अगरबत्तीसाठी नेमून दिलेली जागा असते, तिथेच लावा. स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घाला. बोधिवृक्षाचं पान तोडू नका, खाली पडलेलं उचलायला हरकत नाही. ते घरी आणताना वहीच्या पानांत सपाट ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं तर गाडीतच बुरशी धरतं.