सोपान हे म्हाताऱ्यांचं नाव आहे का?

प्रिय ओवी,

तुझा निरोप ऐकला. मामाच्या बाळाला ‘सो’ अक्षर आलंय, आबांनी सोपान सुचवलंय, मामीला सोहम हवंय. आणि तुझा प्रश्न असा, की सोपान हे म्हाताऱ्यांचं नाव आहे ना, वर्गात तर एकही सोपान नाही, मग ते नाव आलं कुठून? बाळाची आत्या मीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या अक्षराचं बघू, कारण घरातला अर्धा वाद त्यानंच सुरू झालाय. चंद्राला आकाशाची फेरी पुरी करायला साधारण २७.३ दिवस लागतात. पंचांगात त्या वाटेचे २७ भाग केलेत, तीच नक्षत्रं. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं, त्याचे चार चरण, आणि दर चरणाला एक अक्षर. म्हणजे एकूण १०८ अक्षरं. पूर्वाभाद्रपदा नक्षत्राची चार अक्षरं से, सो, दा, दी अशी आहेत. बाळ जन्मलं तेव्हा चंद्र त्याच्या दुसऱ्या चरणात होता, म्हणून ‘सो’ आणि रास कुंभ. चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो. त्यामुळे वेळ थोडी चुकली तर सहसा बिघडत नाही, पण जन्म चरणाच्या कडेला झाला असेल तर पंधरा मिनिटांच्या चुकीनंही ‘सो’चं ‘से’ किंवा ‘दा’ होतं. मामाला सांग, गुरुजींना दिलेली वेळ हॉस्पिटलच्या कागदावरची आहे ना, एवढं ताडून बघ. घाईत पुष्कळदा घरी फोन आल्याची वेळच सांगितली जाते.

आणि खरं सांगू का, हे अक्षर बंधनकारक नाहीच. पुढच्याच नक्षत्राची, उत्तराभाद्रपदाची, अक्षरं दू, थ, झ, ञ अशी आहेत. ‘ञ’वरून कुणी काय नाव ठेवणार? अक्षरावरून येतं ते जन्मनाव. ते पत्रिकेत राहतं. हाक मारायचं ते व्यवहारनाव, आणि ते कुठल्याही अक्षराचं चालतं. पण अलीकडे बरीच घरं अक्षर धरूनच व्यवहारनाव शोधतात, आणि ‘सो’ची नावं मोजकी आहेत : सोहम, सोमनाथ, सोमेश, सोहन, सोपान. त्यातलं छोटं आणि नवं वाटणारं सोहम, म्हणून सगळे तिकडे वळतात. तुझ्या शाळेत सोहम किती आहेत ते एकदा मोज.

सोहमचा अर्थही सुंदर आहे, ‘तो मीच आहे’. मामीच्या निवडीला मी नावं ठेवत नाहीये. पण सोपान म्हणजे काय, ते ऐकून मग ठरवा.

सोपान म्हणजे जिना, पायऱ्या. शब्द संस्कृत आहे. केरळातल्या देवळांत गाभाऱ्यासमोरच्या पायऱ्यांना आजही सोपानम् म्हणतात, आणि त्या पायऱ्यांपाशी उभं राहून गातात ते सोपान संगीत. आता एवढ्यानं जिन्याचं नाव मुलाला का द्यायचं ते कळत नाही. त्यासाठी चारही भावंडांची नावं एका दमात म्हणावी लागतात. आबा सकाळी म्हणतात ना, ‘निवृत्ती ज्ञानदेव सोपान मुक्ताबाई’, तशीच. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी मुलांची नावं जन्माच्या क्रमानं अशी ठेवली : आधी निवृत्ती, म्हणजे मन बाहेरच्या पसाऱ्यातून मागे घेणं. मग ज्ञान. मग सोपान, वर नेणारी पायरी. आणि शेवटी मुक्ता. चार नावं मिळून एक वाक्य होतं, आणि त्यात मुक्तीच्या अगदी आधी सोपान आहे. सुटं काढलं की ते नाव नुसतं ‘जिना’ वाटतं, म्हणून तुला ते विचित्र वाटलं असेल.

परंपरेनं सोपानदेवांचा जन्म इ.स. १२७७चा मानतात, ज्ञानदेवांचा १२७५चा. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली ती १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला. बरोबर महिन्यानं, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली. कऱ्हेकाठी त्यांचं देऊळ आहे. म्हणजे हिशेब कर : विशीही पुरी झाली नव्हती. वारकरी त्यांना ‘सोपानकाका’ म्हणतात, माउलींचे धाकटे भाऊ म्हणून, त्यामुळे डोळ्यांसमोर आपोआप कुणीतरी वयस्क माणूस येतो. प्रत्यक्षात ते तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे असलेल्या मुलाचं नाव आहे.

आषाढी वारीत माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला मुक्कामी येते, आणि तिचा मुक्काम असतानाच सोपानकाकांची पालखी तिथून पंढरपूरला निघते. त्या वाटेवरच्या गावांतून हे नाव घराघरांत गेलं. पुरंदर, बारामती, इंदापूर, तिकडे जुन्नर, सिन्नर, खाली बार्शी, बीड, आणि वर खानदेश. बहिणाबाई चौधरींच्या मुलाचं नाव सोपानदेवच, तेही कवी होते, जन्म १९०७चा. वारकरी घरात थोरला निवृत्ती असला की धाकट्याचं नाव जवळजवळ ठरलेलं असे. तुमच्या कोपरखैरण्यात आणि घणसोलीत साठी-सत्तरी ओलांडलेले सोपान भेटतात त्याचं कारण हेच. मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले तेव्हा माथाडी कामगार तिकडे आले, आणि त्यातले पुष्कळ सातारा आणि पुणे जिल्ह्यांतले होते. बरोबर भजनी मंडळं आली, नावंही आली.

मग पुढे ही नावं कशामुळे थांबली? मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते आजोबांचं नाव नातवाला द्यायची रीत सुटली हे. त्या रितीनं नाव एक पिढी आड परत यायचं. शिवाय तिच्यातच एक अडचण होती. सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. मग सासऱ्याचं नाव लावलेल्या मुलाला आईनं हाक कशी मारायची? बापू, नाना, अण्णा असं काहीतरी. कागदावर सोपान आणि घरात बापू. जे नाव आईच्या तोंडी कधी आलंच नाही, ते पुढच्या पिढीला आपलं कसं वाटणार? दुसरं कारण तू स्वतःच सांगितलंस. एखादं नाव फक्त म्हाताऱ्यांपाशी उरलं की ते म्हाताऱ्यांचं वाटतं, मग नवं बाळ त्या नावाचं होत नाही, आणि ते आणखी म्हातारं होत जातं. गंमत म्हणजे याच चौघांतली ज्ञानेश्वर आणि मुक्ता ही नावं अजून ठेवली जातात. निवृत्ती आणि सोपान मात्र मागे पडले.

किती मागे पडले, हे तुला मोजता येईल. इथे इंग्लंडमध्ये सरकारी सांख्यिकी कार्यालय दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं. तीन किंवा जास्त बाळांना दिलेलं प्रत्येक नाव तिच्यात असतं. आपल्याकडे अशी यादी निघत नाही, पण मतदार यादी असते. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभा मतदारसंघ आणि यादी भाग निवडला की ती मराठीत उतरवता येते. आबांबरोबर बस. आपल्या भागाची यादी घे, वहीत वयाचे रकाने कर : १८ ते ३०, ३१ ते ४५, ४६ ते ६०, आणि त्यापुढचे. मग पुरुषांची पहिली नावं बघत खुणा करत जा. शोधायच्या चौकटीत ‘सोपान’ टाइप करून भागणार नाही. पानं बहुतेक वेळा चित्रासारखी असतात, डोळ्यांनीच वाचावी लागतात. सोपान, सोपानराव, सोपानदेव हे एकातच धर, आणि छापताना ‘सोपन’ झालेलाही सोडू नकोस. प्रत्येक नोंदीत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, ते वेगळं मोज. तिथे तुला आधीची पिढी सापडेल, जी कदाचित स्वतः यादीत नसेल. एक लक्षात ठेव, एका भागात साधारण हजारभर माणसं असतात आणि सगळी १८च्या वरची. एवढ्यावरून अख्ख्या महाराष्ट्राचं काही म्हणता येणार नाही. बाजूच्या आगरी गावठाणाचा भाग घेतलास तर नावं निराळीच दिसतील.

आता मामीची काळजी. मुलं चिडवतील का? चिडवतील. ‘सोप्या’ तर होणारच, आणि इंग्रजी माध्यमात कुणीतरी साबण म्हणेल. दुसरीकडे, नाव तीन अक्षरांचं आहे, जोडाक्षर नाही, कुठल्याही भाषेच्या माणसाला उच्चारता येतं. इंग्रजी स्पेलिंग मात्र पहिल्या दिवशी ठरवा. एस-ओ-पी-ए-ए-एन असे दोन ‘ए’ घातले तर शेवटचा ‘पान’ नीट लांब वाचला जातो. एकच ‘ए’ ठेवला तर इथली माणसं ‘सोपॅन’ म्हणतात. मला एकच ‘ए’ बरा वाटतो, कारण मोठ्यांच्या जुन्या कागदांवर तसंच असतं. दोन्हीपैकी काहीही घ्या, पण जन्मदाखला, आधार, पासपोर्ट, सगळीकडे तेच. आणि दाखल्यावर नुसतं सोपान लिहा, मागे ‘राव’ किंवा ‘देव’ जोडू नका. एका कागदावर ते राहतं, दुसऱ्यावर गळतं, आणि मग दोन्ही नावांचा माणूस एकच आहे हे सांगायला प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

घाई करायचं कारण नाही. जन्माची नोंद महापालिकेकडे २१ दिवसांत व्हायला हवी, आणि ती हॉस्पिटल करतं. पण नावाचा रकाना तोवर मोकळा राहिला तरी चालतो. जन्माची नोंद झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणून बारशाला पाळण्यातलं नाव ठेवा, महिनाभर घरात दोन्ही नावांनी हाक मारून बघा. कुठल्या नावाला जीभ आपोआप वळते ते कळेल. ठरवायचं मामा-मामीनंच. माझं मत विचारलंत तर सोपान.

बारशाला मी नसणार, तर कानात कुर्र करायला चुलत आत्येला बसवा. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याखालून घेता-देता ना, तेव्हा पाळण्याच्या कड्या घट्ट आहेत का ते आधी मामाला बघायला सांग. कानात नाव सांगताना फुंकर मारू नका, हलक्या आवाजात म्हणायचं असतं. आणि आत्येच्या पाठीत धपाटे घालायचं काम तुझं. मी नाही म्हणून चुलत आत्येला सोडू नकोस.

मोजणी झाली की वहीच्या पानाचा फोटो पाठव. ६०च्या पुढचा रकाना मला आधी बघायचाय.

तुझी,
आई