एकांकिकांचं पुस्तक संस्थेनंच काढायचं तर

प्रिय मित्रा,

चार एकांकिकांचं पुस्तक नाट्यसंस्थेनंच काढायचा तुमचा विचार योग्य आहे. पण एक गोष्ट आधी ध्यानात घे. पुस्तकाच्या किमतीतून थोडेच पैसे सुटतात. खरं उत्पन्न दुसऱ्या संघांना दिलेल्या प्रयोगाच्या परवानगीतून येतं. म्हणून मुखपृष्ठाच्या आधी कराराला लाग.

नाटक तुम्ही बसवलंत तरी संहिता लेखकाचीच. छापण्याचा हक्क वेगळा, प्रयोगाचा वेगळा, चित्रीकरणाचा आणि भाषांतराचा वेगळा. कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी आणि लेखकाला किती, हे चारही लेखी हवं. मुदत लिहिली नाही तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मग उद्या अमेरिकेतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळानं प्रयोग मागितला, तर ती परवानगी द्यायचा अधिकार तुमच्याकडे नसेल. तालमीत सगळ्यांनी मिळून रचलेली एकांकिका असेल तर ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या प्रत्येकाची सही घे. संघ फुटल्यावर भांडणं इथेच होतात. मध्ये सिनेमाचं गाणं वापरलं असेल तर त्याचे शब्द पुस्तकात छापू नका.

पुस्तकाच्या आतल्या पानावर ठळक छापा: लेखी परवानगीशिवाय प्रयोग करता येणार नाही. खाली संस्थेचा ईमेल द्या. कार्यवाहांचा खासगी नंबर नको, कार्यवाह बदलले की परवानगी मागणारा तिथेच अडकतो. स्पर्धेत उतरणाऱ्या संघाला लेखकाचं संमतिपत्र लागतं. ते तुमच्याकडून दोन दिवसांत मिळतं असा लौकिक झाला पाहिजे. पत्रात संघ, स्पर्धा आणि प्रयोगसंख्या लिहा. नाहीतर एका शुल्कात वर्षभर प्रयोग होतात. प्रत्येक एकांकिकेआधी पात्रं (स्त्री-पुरुष वेगवेगळी), कालावधी आणि नेपथ्याची गरज द्या. दिग्दर्शक आधी तेच बघतो. संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर त्याचा क्रमांकही.

हे पुस्तक कपाटात राहणार नाही, तालमीत हाताळलं जाईल. नट ते उलटं दुमडतात, पेन्सिलीनं खुणा करतात. नुसत्या गोंदाच्या बाइंडिंगची पानं अशा वापरात लवकर सुटतात. थोडे जास्त पैसे गेले तरी शिलाई करून घ्या आणि बाहेरचा समास रुंद ठेवा. पात्राचं नाव दर वेळी पूर्ण छापा. रंगसूचना तिरप्या अक्षरात नकोत, देवनागरी तिरपी केली की वाचवत नाही. कंसात, एक पॉइंट लहान पुरे. डेमी आकार, ७० जीएसएम मॅपलिथो कागद, आणि छपाईत १६ पानांचा एक गठ्ठा म्हणजे एक फॉर्म. ९८ पानं झाली तर सातव्या फॉर्मचा खर्च अंगावर येतो, मजकूर ९६ मध्ये बसवा.

जुन्या संहिता श्रीलिपी या युनिकोडपूर्व टंकलेखन सॉफ्टवेअरमध्ये असतील तर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्य’ हमखास बिघडतो. ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’ शोधून तपासा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. तो संस्थेच्या नावानंच घ्या. मुद्रकाचा वापरलात तर प्रकाशक म्हणून तोच नोंदला जातो. प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते.

पहिल्या खेपेला डिजिटल छपाईच्या ३०० प्रती पुरेत. समजा प्रत ७० रुपयांना पडली आणि किंमत १८० ठेवली. दुकानदारानं ४० टक्के कमिशन घेतलं तर हाती ३८ उरतात, प्रयोगाच्या मध्यंतरात टेबलावर विकली तर ११०. त्यामुळे टेबलावर माणूस हवाच, आणि क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा. भेट दिलेल्या प्रतीही नोंदवहीत लिहा. गणित बिघडतं ते त्यांच्यामुळेच. संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विक्रीचा हिशेब वेगळा ठेवून सीएंना दाखवा.

पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या साधारण ऑगस्टमध्ये असतात. महाविद्यालयं संहिता शोधायला लागतात जूनमध्ये. म्हणजे मेअखेर प्रती हातात हव्यात. छपाई-बाइंडिंगला तीन आठवडे आणि मुद्रितशोधनाच्या दोन फेऱ्यांना दीड महिना धर. दुसरी फेरी नटांकडून मोठ्यानं वाचून घे, आणि सगळा मजकूर फेब्रुवारीअखेर अक्षरजुळणीला दे.