वाचक विचारतात : कांडी तीच, शेरा वेगळा

प्रश्न : लेक नववीत आहे. कांडी फिरवून वेष बदलणाऱ्या मुलींची जपानी कार्टून्स बघते. परवा अगदी तसल्याच चित्रावर ‘फक्त प्रौढांसाठी’ दिसलं. हा काय प्रकार?
– एक आई, वेंगुर्ले

उत्तर : ताई, ते विडंबन. जादूगार मुलींच्या मालिका जपानी टीव्हीवर १९६६ पासून आहेत. १९९२च्या ‘सेलर मून’नंतर त्यांचा साचाच ठरला. बोलणारं मांजर, फितींचा भोवरा, चमचम. विडंबनवाले नेमकं तेच धरतात : नायिका गिरक्या घेतेय आणि राक्षस बिचारा ताटकळलाय! शिमग्यातल्या संकासुरासारखी टर उडवायची. इथवर मलाही हसू येतं. पण पुष्कळदा विनोद संपतो आणि निव्वळ चावटपणा उरतो, तोही शाळकरी दिसणाऱ्या पात्रांवर. ते मला किळसवाणं वाटतं, सरळ सांगते.

चित्रावर जाऊ नका, शेरा बघा. २०२१च्या नियमांनुसार ओटीटीवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असे गट आहेत. १३+ पासून पुढे कुलपाची सोय द्यावीच लागते. सेटिंगमध्ये जाऊन पिन टाका. आणि हो, पिन म्हणून लेकीची जन्मतारीख नको.