पहिल्यांदा किनाऱ्यावर चालायला निघताय? आधी भरती बघा

अंतर किती, हे नंतर. आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कालच्या वेळेवर आज विसंबू नका. ओहोटी लागली की निघा, पाणी चढायच्या आत परता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा कड्याच्या पायथ्याची वाट धरूच नका. पाणी आधी हळू चढतं, आणि मधल्या दोन तासांत भराभर आत येतं.

चालायचं ते ओल्या, घट्ट पुळणीवर. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि पोटऱ्या लगेच बोलायला लागतात. पुळण उतरती असेल तर एकाच घोट्यावर ताण येतो. परतताना त्याच पट्ट्यातून या, म्हणजे हिशेब फिटतो. हिरवं शेवाळ धरलेला खडक टाळा. बूट कितीही महागडे असोत (दुकानदार काहीही सांगो), तिथे घसरायला होतंच.

वारा जाताना तोंडावर घ्या, येताना पाठीशी. कंटाळा आला तर आतल्या शेतवाटेनं परता, पण बांधावरूनच, पिकातून नाही. वाटेतलं फाटक जसं मिळालं तसंच ठेवा.