शत्रूची बाजू समजून घेणे म्हणजे नमते घेणे का?

प्रश्न : रक्तपात सुरू असताना शत्रूच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे हा दुबळेपणा नव्हे काय?

उत्तर : नव्हे. शत्रूची भीती ओळखणे म्हणजे त्याचे म्हणणे मान्य करणे नव्हे. सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिड येथे झालेल्या शांतता-वाटाघाटींत इजिप्तला इस्रायलच्या ताब्यातील सिनाई द्वीपकल्पावरील सार्वभौमत्व हवे होते, तर इस्रायलला सीमेलगत इजिप्तचे रणगाडे नको होते. हा फरक उमगल्यावरच भूमी परत देऊन तेथील सैन्यावर मर्यादा घालण्याचा मार्ग निघाला. बोलणी फिसकटण्याच्या बेतात असताना मध्यस्थी करणारे अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांच्या प्रत्येक नातवंडाचे नाव लिहून सही केलेली छायाचित्रे त्यांच्या हाती ठेवली, आणि ती नावे वाचताना बेगिन यांचा कंठ दाटून आला. पॅलेस्टिनींचा प्रतिनिधी मात्र त्या वाटाघाटींत नव्हता, आणि माझ्या मते त्या समझोत्याची मोठी उणीव तीच.