मारुती जिप्सीला 31 इंची टायर लावल्यापासून ती चढाला ओढत नाही. क्लच बदलावा की गिअर?

चौथ्या गिअरमध्ये चढावर रेस दिल्यावर आवाज चढूनही वेग वाढत नसेल तर क्लच बदलावा, अन्यथा ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) जास्त गुणोत्तराचे गिअर बसवावेत. मूळ 205/70 आर 15 टायरचा व्यास सुमारे 668 मिलिमीटर, तर 31 इंची टायरचा 787 असल्यामुळे चाकावरची ओढ सुमारे 15 टक्क्यांनी घटते. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, आखूड शाफ्टने जोडलेला असतो; तिथेच बदल केल्यास पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे (ॲक्सलवरच्या, चाकांना ताकद देणाऱ्या गिअरच्या डब्याचे) गुणोत्तर सारखेच राहते. केवळ मागचे क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी) बदलण्याचा स्वस्त सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये, कारण फोर-व्हील टाकताच दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. मात्र ट्रान्सफर केसचे गिअर बदलल्याने लो रेंजमध्ये (जास्त ओढीच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये) ॲक्सल शाफ्टवरचा ताण वाढतो, तेव्हा चाक अडकले असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबू नये.