गोळ्या योग्य, वेळा चुकीच्या

प्रश्न : सहा महिन्यांपासून सतत थकवा आहे, मन कशात लागत नाही. थायरॉईडची गोळी जुनीच आहे. उदासीवरची एस्सिटालोप्रॅम १० मि.ग्रॅ. सुरू होऊन दहा दिवस झाले. फरक नाही, उलट मळमळतं. लोह, कॅल्शियम आणि केसांसाठी बायोटिनही घेते. सगळं सकाळी एकदमच. जोडीला उदासीवरचीच ‘सेंट जॉन्स वर्ट’ सुरू करू का?

उत्तर : नको. वनस्पतीपासून केलेली असली तरी ही गोळी एस्सिटालोप्रॅमसोबत घेतल्यास सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) प्रमाणाबाहेर वाढू शकतं. मग थरथर, घाम, ताप, धडधड सुरू होते आणि रुग्णालय गाठावं लागतं.

दहा दिवसांत निकाल लावू नका. मन सावरायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्याच दिवसापासून होऊ शकते आणि बहुधा दोनेक आठवड्यांत ओसरते. एस्सिटालोप्रॅम जेवणानंतर घेऊन पाहा. कंटाळून एकदम बंद केलीत तर चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं.

खरी गोम सकाळच्या त्या मूठभर गोळ्यांत असावी. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉईडच्या औषधाला धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसं पोहोचत नाही. थायरॉईड कमी पडलं की थकवा आणि उदासी दोन्ही येतात. म्हणून थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घ्या. लोह किमान ४ तासांनी, कॅल्शियम रात्री. लोहाच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको.

वेळा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडचा डोस बरोबर आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासा. औषध नीट शोषलं जाऊ लागलं की जुना डोस जास्तही ठरू शकतो. तपासणीआधी २-३ दिवस बायोटिन बंद ठेवा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटंच कमी दिसतं, म्हणजे औषध जास्त होतंय असं वाटतं, आणि डोस विनाकारण घटवला जातो.

फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) पाहा. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते ३०च्या खाली असेल तर लोहाचा साठा रिता आहे. ब-१२ तपासायचं असेल तर त्याची गोळी सुरू करण्याआधीच रक्त द्या.

जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र यातल्या कशासाठीही थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.